रक्त कुणाच्या हुकमाने वळतं?

१८५१ साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नारने एका सशाच्या मानेतला, एकाच बाजूचा, अनुकंपी मज्जातंतू कापला. शरीरातली ऊब मज्जातंतूंच्या ताब्यात असते अशी त्याची समजूत होती. तेव्हा तंतू तोडल्यावर त्या बाजूचा कान गार पडायला हवा होता. झालं उलटंच. कान तापला. सशाचा कान उजेडासमोर धरला की त्यातल्या रक्तवाहिन्यांचं जाळं स्पष्ट दिसतं. तंतू तोडलेल्या बाजूच्या वाहिन्या रुंदावून लाल झाल्या होत्या, दुसऱ्या कानातल्या मात्र होत्या तशाच बारीक राहिल्या होत्या. दोन्ही कानांवर दोन हात ठेवले तरी फरक जाणवत होता.

बर्नार हा फ्रान्समधल्या बोजोलेच्या द्राक्षमळ्यांत वाढलेला, ल्योंमध्ये औषधाच्या दुकानात उमेदवारी केलेला आणि नाटककार होण्याच्या उमेदीने पॅरिसला आलेला माणूस. नाटक मागे पडलं आणि तो प्रयोगशाळेत रमला. अपेक्षेविरुद्ध काही घडलं की ते बाजूला न सारता त्याच्याच मागे लागायचं, हा त्याचा मोठा गुण. तरी या प्रयोगाचा पूर्ण अर्थ त्यालाही लगेच लागला नाही. त्याचं लक्ष उबेवर होतं, वाहिन्यांवर नव्हतं. दुसरी बाजू दाखवली ती मॉरिशसमध्ये जन्मलेल्या शार्ल-एदुआर ब्राउन-सेकारने. १८५२मध्ये त्याने अमेरिकेत फिलाडेल्फियाला असताना त्याच तंतूला विजेचा झटका दिला, तेव्हा वाहिन्या आक्रसल्या आणि कान गार झाला. मग कोडं सुटलं. हा तंतू वाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना सतत थोडं आवळून धरतो. तो तुटला की पकड सैल होते आणि रक्त आत लोटतं.

पुढे १८५८मध्ये बर्नारने जबड्याखालच्या लाळग्रंथीवर काम करताना उलट स्वभावाचा तंतू दाखवून दिला. त्याला चेतवलं की ग्रंथीच्या वाहिन्या उघडत. इतक्या, की ग्रंथीतून परतणाऱ्या नीलेत नेहमीच्या काळपट रक्ताऐवजी लालभडक रक्त येई, आणि तेही रोहिणीतल्यासारखं ठोके देत. एक तंतू आवळणारा, एक सोडणारा. व्यवस्था हाती लागली असं वाटावं अशीच ही जोडी होती.

हा प्रश्न केवढा मोठा आहे ते आकड्यांवरून कळतं. निवांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं, आणि शरीरात एकूण रक्तही जवळपास तेवढंच असतं. त्यातला पाचवा हिस्सा मूत्रपिंडांना जातो. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला मेंदू सुमारे पंधरा टक्के रक्त घेतो. तोच माणूस जीव तोडून पळायला लागला की हृदय मिनिटाला वीस लिटरपर्यंत, तयारीच्या धावपटूचं त्याहून जास्त, रक्त देतं. त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास स्नायूंकडे वळतं, पण मेंदूला मिळणारं रक्त जवळपास पूर्वीइतकंच राहतं. सगळ्या अवयवांच्या वाहिन्या एकाच वेळी सताड उघडल्या तर हृदय कितीही राबलं तरी रक्तदाब टिकणार नाही. धरणात पाणी असलं तरी कोणत्या शेताला किती मिळणार हे जसं पाटाच्या दारांवर ठरतं, तसं इथे ते अवयवाच्या तोंडाशी असलेल्या बारीक रोहिण्यांवर ठरतं. आणि ही दारं विलक्षण नाजूक आहेत. ज्याँ पॉयझय या फ्रेंच डॉक्टरने १८४०च्या दशकात काचेच्या केसासारख्या नळ्यांतून द्रव वाहवून नियम काढला होता की प्रवाह हा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. वाहिनी जरा सैल पडली की रक्ताचा लोंढा, जरा आवळली की दुष्काळ.

ही दारं कोण हलवतं? एकोणिसाव्या शतकाचं उत्तर ठरलेलं होतं. कार्ल लुडविगच्या लायप्झिगच्या प्रयोगशाळेत १८७०च्या दशकात मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, रक्तवाहिन्यांवर हुकूम चालवणारं केंद्र सापडलं. वर केंद्र, खाली तंतू, टोकाला आज्ञाधारक वाहिन्या. हे चित्र खोटं नव्हतं. उभं राहताना आपण भोवळ येऊन पडत नाही ते याच केंद्रामुळे. पण चित्र अपुरं होतं, आणि ते अपुरं आहे हे मान्य व्हायला जवळपास शतक गेलं. मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटतात ती हुकूम नसतानाही वाहिन्या काय करतात हे पाहणारी माणसं.

केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केलने १८८०मध्ये बेडकाच्या वाहिन्यांतून सौम्य लॅक्टिक आम्ल सोडलं, तर त्या रुंदावल्या. राबणाऱ्या स्नायूंत आम्ल तयार होतं हे तेव्हा माहीत होतं. म्हणजे काम करणारी पेशीच आपल्या कामाच्या उरल्यासुरल्या मालातून वाहिनीला निरोप देत असावी. दहा वर्षांनी, १८९०मध्ये, चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी हीच कल्पना मेंदूला लावली. मेंदूचा जो भाग काम करतो तिथे चयापचयातून निघालेले पदार्थ वाहिन्यांना सैल करतात आणि त्याच भागाला जास्त रक्त मिळतं, असं त्यांनी मांडलं. हा निबंध कित्येक दशकं फारसा कुणी मनावर घेतला नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९९०मध्ये, अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या सेजी ओगावाने रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचं चित्र काढायची युक्ती दाखवली. आज ज्याला फंक्शनल एमआरआय म्हणतात ते तंत्र मेंदूतले विचार टिपत नाही. ते टिपतं काम करणाऱ्या जागी धावलेलं जादा रक्त. त्याचा सगळा डोलारा रॉय-शेरिंग्टनच्या त्या निबंधातल्या कल्पनेवर उभा आहे.

१९०२मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिसने आणखी खोल घाव घातला. त्याने प्राण्याच्या मागच्या पायाचे सगळे मज्जातंतू तोडले, म्हणजे केंद्राशी संबंधच उरला नाही, आणि मग रक्तदाब वाढवला. साध्या रबरी नळीत दाब वाढला की ती फुगते. बेलिसच्या वाहिन्या आधी ताणल्या गेल्या आणि मग स्वतःहून आवळल्या. दाब कमी केला की त्या सैल पडत. शरीराबाहेर काढलेल्या रोहिणीनेही असंच वागून दाखवलं. भिंतीतल्या स्नायूला ताण कळतो आणि तो त्याला उत्तर देतो, त्यासाठी वरून आज्ञा यावी लागत नाही. दाब चढो की उतरो, अवयवाला मिळणारं रक्त स्थिर ठेवण्याची ही पहिली तटबंदी. बेलिस त्या वर्षी आपला मेहुणा अर्नेस्ट स्टार्लिंग याच्यासह सिक्रेटिन या पहिल्या संप्रेरकाचाही शोध लावत होता, आणि जगाला तेच आठवत राहिलं. वाहिन्यांवरच्या निबंधावर आक्षेप आले आणि तो मागे पडला.

तीसच्या दशकात डेन्मार्कच्या मोगेन्स फोगने मांजराच्या कवटीला खिडकी पाडून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या रोहिण्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिल्या. दाब उतरला की त्या रुंद होत, चढला की अरुंद. बेलिसचं म्हणणं डोळ्यांना दिसलं. या फोगबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा मज्जाविकारतज्ज्ञ जर्मन ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये प्रतिकार चळवळीचा मोठा पुढारी होता. गेस्टापोने त्याला पकडून कोपनहेगनमधल्या शेलहूस या आपल्या मुख्यालयात डांबलं. २१ मार्च १९४५ला ब्रिटिश विमानांनी त्या इमारतीवर बाँब टाकले तेव्हा त्या धुमश्चक्रीत तो निसटला आणि वाचला.

डेन्मार्कचाच ऑगस्ट क्रॉग त्याच्या एक पिढी आधीचा. त्याचा प्रश्न सरळ होता: स्नायू काम करू लागला की त्याला कित्येक पट प्राणवायू लागतो, तो नेमका पोचतो कसा? क्रॉगने बेडकांच्या आणि गिनीपिगच्या रक्तात काळी शाई सोडली आणि मग स्नायूंचे पातळ काप काढले. ज्या केशवाहिन्यांतून रक्त वाहत होतं तेवढ्याच काळ्या झाल्या. विश्रांतीतल्या स्नायूच्या कापात मोजके काळे ठिपके, काम केलेल्या स्नायूच्या कापात ठिपक्यांची गर्दी. म्हणजे विश्रांतीत बऱ्याचशा केशवाहिन्या मिटलेल्या असतात आणि गरज पडेल तशा खुलतात. १९२०चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. त्याला वाटलं होतं की केशवाहिन्या आपल्या आपण उघडमीट करतात. पुढे दिसलं की मुख्य सूत्रं त्यांच्या अलीकडच्या बारीक रोहिण्यांकडे असतात. तरी गरज असेल तिथे दार उघडतं हे त्याने शाईने दाखवून दिलं होतं, आणि ते टिकलं.

पण निरोप नेमका कशातून जातो? आम्ल, कर्बवायू, पोटॅशियम असे अनेक उमेदवार पुढे आले. १९६३मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट बर्नने हृदयाच्या स्नायूसाठी अ‍ॅडेनोसिनचं नाव मांडलं. प्राणवायू कमी पडला की पेशीतला ऊर्जेचा साठा मोडतो, त्यातून अ‍ॅडेनोसिन बाहेर पडतं आणि जवळची रोहिणी सैल होते. प्रत्येक उमेदवार थोडा खरा ठरला, एकटा कुणीच पुरा पडला नाही. आणि एका जागेकडे जवळजवळ कुणी पाहतच नव्हतं. ती म्हणजे वाहिनीचं आतलं अस्तर. एका पेशीच्या जाडीचा हा थर रक्त झिरपू नये म्हणून असतो, एवढीच त्याची ओळख होती.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट फर्चगॉट औषधशास्त्राचा विभाग सांभाळत होता. सशाच्या महारोहिणीची सर्पिल पट्टी कापायची, ती द्रवात टांगायची, एका टोकाला खेच नोंदवणारं यंत्र लावायचं आणि मग औषधाचे थेंब टाकून पट्टी आखडते की सैल होते ते बघायचं, ही पद्धत रुळवली ती त्यानेच. तीत एक सल होता. जिवंत प्राण्याला अ‍ॅसेटिलकोलीन टोचलं की वाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब झर्रकन उतरतो. फर्चगॉटच्या पट्ट्या मात्र त्याच औषधाने आखडत. पंचवीस वर्षं हा विरोधाभास तसाच पडून होता.

मे १९७८मध्ये त्याने एका वेगळ्याच प्रश्नासाठी प्रयोग आखला होता. या वेळी सर्पिल पट्टीऐवजी रोहिणीच्या आडव्या कापलेल्या कड्या वापरल्या होत्या. तंत्रज्ञाला क्रम लिहून दिला होता: नॉरअ‍ॅड्रेनलिनने कडी आखडू दे, मग ते धुऊन काढ, मग अ‍ॅसेटिलकोलीनच्या जातीचं कार्बाकोल टाक. धुवायचं राहून गेलं. आखडलेल्या कडीवरच कार्बाकोल पडलं, आणि ती आणखी आखडण्याऐवजी सैल पडली. फर्चगॉटने चूक म्हणून तो कागद टाकून दिला नाही. कडी सैल होते आणि पट्टी होत नाही, तर दोघींत फरक काय? रोहिणी तीच, औषध तेच. फरक सापडला तो हाताळणीत. सर्पिल पट्टी कापताना तिची आतली बाजू बोटांवर, कागदावर, कुठे ना कुठे घासली जाई आणि अस्तर खरवडलं जाई. कडी कापताना आतल्या बाजूला धक्काच लागत नसे. म्हणजे वर्षानुवर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या पट्ट्यांवर काम चाललं होतं, त्यांतली कितीतरी अस्तर गमावलेली होती.

मग त्याने मुद्दाम कडीची आतली बाजू हलक्या हाताने घासली. आता तीही सैल होईना. चांदीच्या क्षाराने रंगवून पाहिलं तेव्हा घासलेल्या जागी अस्तराच्या पेशी नव्हत्या. शेवटची शंका फेडणारा प्रयोग सर्वांत देखणा होता. एक पट्टी अस्तर घालवलेली, ती एकटी असताना अ‍ॅसेटिलकोलीनला दाद देत नव्हती. तिच्या अंगाला अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी अशी चिकटवून टांगली की अस्तराची बाजू पहिलीकडे यावी. ही दुसरी पट्टी अशा दिशेने कापली होती की तिची स्वतःची हालचाल यंत्रावर उमटू नये. औषध टाकलं आणि पहिली पट्टी सैल झाली. शेजारणीच्या अस्तरातून काहीतरी निघून तिच्यापर्यंत पोचलं होतं. नोव्हेंबर १९८०मध्ये फर्चगॉट आणि जॉन झवाड्झकी यांनी ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध केलं.

ते ‘काहीतरी’ ओळखायला सहा-सात वर्षं लागली, कारण ते काही सेकंदांतच नाहीसं होई. वाट दाखवणारा धागा मात्र आधीच हाती आलेला होता. व्हर्जिनियात फरीद मुरादने १९७७च्या सुमारास दाखवलं होतं की नायट्रोग्लिसरिनसारखी औषधं नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात, तो स्नायूपेशीतल्या एका विकराला जागं करतो आणि पेशी सैल होते. फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन १९८६च्या उन्हाळ्यात मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या परिषदेत एकच गोष्ट मांडली: अस्तरातून निघणारा पदार्थ हाच वायू असावा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये वेलकम प्रयोगशाळेत साल्वादोर मोंकादा आणि सहकाऱ्यांनी अस्तराच्या पेशींतून निघणारा वायू यंत्रावर प्रत्यक्ष मोजला. तो मोजल्यावर सुटका नव्हती. वाहनांच्या धुरात सापडणारा, विषारी म्हणून माहीत असलेला वायू आपल्या रोहिण्यांचं अस्तर क्षणोक्षणी तयार करत असतं. पुढे हेही कळलं की तो अर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनतो, आणि रक्ताचा प्रवाह अस्तरावर घासत गेला तरी तो सुटतो. म्हणजे प्रवाह वाढला की वाहिनी आपण होऊन रुंदावते.

या वायूचं अल्पायुष्य हेच त्याचं मर्म आहे. तो रक्तात गेला की हिमोग्लोबिन त्याला लगेच गिळून टाकतं. त्यामुळे पोटरीच्या वाहिनीत सुटलेला निरोप मेंदूपर्यंत जाऊच शकत नाही. ज्या जागेची गरज, त्याच जागेपुरता निरोप. गॅस्केलपासून सगळे जे शोधत होते ते इतकं स्थानिक असेल याची कल्पना कुणाला आली नव्हती.

औषध मात्र शास्त्राच्या शंभर वर्षं पुढे होतं. नायट्रोग्लिसरिन १८४७मध्ये तुरिनच्या आस्कानियो सोब्रेरोने बनवलं, आणि ते जिभेला लावलं की डोकं ठणकतं हेही त्यानेच नोंदवलं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातला विल्यम मरेल एकदा बाह्यरुग्ण तपासत असताना खिशातल्या बाटलीचं ओलं बूच जिभेला लावून विसरून गेला. समोरच्या रुग्णाला चार प्रश्न विचारतो न विचारतो तोच त्याच्या डोक्यात घण बसू लागले आणि नाडी इतकी उसळली की स्वस्थ बसवेना. त्याने चिकाटीने पुढे स्वतःवर आणि रुग्णांवर प्रयोग केले आणि १८७९मध्ये हृदयशूळावरचं औषध म्हणून ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. आपल्याकडे छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच कुळातली. त्याच स्फोटक द्रवातून डायनामाइट बनवून गडगंज झालेल्या आल्फ्रेड नोबेललाही अखेरच्या वर्षांत डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरिनच सुचवलं होतं.

त्याच्या नावाचं पारितोषिक १९९८मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोंकादा वगळला गेला. तिघांपलीकडे वाटणी करायची नाही हा नियम आहे, हे मान्य. तरी वायू प्रत्यक्ष मोजून दाखवणारा माणूस बाहेर राहावा हे मला आजही न्यायाचं वाटत नाही, आणि तेव्हाही अनेक शास्त्रज्ञांनी तसं उघड बोलून दाखवलं.

या शोधाचा सर्वांत चोख उपयोग फुप्फुसात झाला, आणि फुप्फुसाची रीत इतर अवयवांच्या उलट आहे. प्राणवायू कमी पडला की बाकी सगळीकडच्या वाहिन्या उघडतात, फुप्फुसातल्या आवळतात. हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी १९४६मध्ये मांजरांवर दाखवलं. ज्या वायुकोशात हवाच पोचत नाही तिथे रक्त पाठवून काय मिळणार? ते हवा असलेल्या कोशांकडे वळवलेलं बरं. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं श्वास घेत नाहीत, म्हणून त्यांच्या वाहिन्या आवळलेल्याच असतात आणि जन्मानंतर पहिल्या श्वासांबरोबर उघडतात. काही बाळांत त्या उघडत नाहीत. रक्त फुप्फुसाला वळसा घालून जातं आणि बाळ निळं पडतं. वाहिन्या सैल करणारं औषध शिरेतून दिलं तर ते सगळीकडे जातं, अंगभर रक्तदाब कोसळतो आणि फुप्फुसातल्या हवा न पोचणाऱ्या जागांच्या वाहिन्याही उघडतात. बोस्टनच्या वॉरन झेपोल आणि सहकाऱ्यांनी आधी कोकरांवर आणि मग १९९२पासून नवजात बाळांवर दुसरा मार्ग वापरला: नायट्रिक ऑक्साइड हवेत मिसळून श्वासातूनच द्यायचा. १९९९च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. नेहमीचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत वीस भाग. हा वायू हवा जिथवर जाते तिथवरच पोचतो, म्हणून फक्त त्याच कोशांच्या भोवतालच्या वाहिन्या उघडतात. त्यातून रक्तात जे निसटतं ते हिमोग्लोबिन तिथल्या तिथे संपवतं, आणि बाळाच्या बाकी शरीराचा रक्तदाब ढळत नाही.